दोनशे पानी वहीला पुरस्कार का नाही?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं कुलवृत्तांतांना, म्हणजे एकेका घराण्याच्या छापील इतिहासांना, पुरस्कार द्यायचं ठरवलं आणि परीक्षकांत माझं नाव घातलं. महिन्याभरात घरी खोकी येऊन पडली. अकरा ग्रंथ. सगळे पुठ्ठा बांधणीचे, पाठीवर सोनेरी अक्षरं, आत कुलदैवताचं रंगीत छायाचित्र, मूळ पुरुषापासून निघालेले घडीचे तक्ते. एक ग्रंथ तर इतका जाड होता की बायकोनं त्यावर लोणच्याच्या फोडी वाळत टाकलेलं ताट टेकवून ठेवलं होतं.

बारावी प्रवेशिका पाकिटात होती. दोनशे पानी वही, शाळेत मिळते तसली. वऱ्हाडातल्या एका निवृत्त शिक्षकानं आपल्या गावच्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची प्रत्येक नोंद मोडी लिपीतून बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवली होती आणि मागच्या तीस पानांत नावांची अकारविल्हे सूची दिली होती. त्यांच्या स्वतःच्या घराण्याची त्यात फार तर वीसेक नावं असतील. बाकी सगळं गाव.

संस्थेच्या कार्यवाहांनी फोनवर सांगितलं, ‘ते बाजूला ठेवा सर, ते “ग्रंथ” या व्याख्येत बसत नाही.’

या एका वाक्याभोवती हा लेख आहे. घराण्याचा शोध घेऊ पाहणाऱ्याला मदत करणारं काम कोणतं, आणि त्यातल्या कोणत्या कामाची दखल समाजानं, सरकारनं, संस्थांनी घ्यायची? माझं उत्तर सरळ आहे. जो स्वतःची वंशावळ छापतो त्यानं ती खुशाल छापावी, त्याचे भाऊबंद त्याचं कौतुक करतीलच. सार्वजनिक सन्मान, सार्वजनिक पैसा आणि दप्तरखान्याची किल्ली मात्र त्याला मिळावी, जो परक्याच्या आजोबांचं नाव सापडेल अशी सोय करून ठेवतो.

कुलवृत्तांतांची टिंगल करायची नाही मला. त्या काळी माणसं पोस्टकार्डं पाठवून, गावोगाव हिंडून, नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या उघडायला लावून माहिती गोळा करत होती. कोण कुठल्या सालात कोकणातून घाटावर आला, कोण बडोद्याला नोकरीला लागला, सुनांची माहेरं कोणती, हे त्या ग्रंथांमुळे इतिहासाच्या अभ्यासकालाही सापडतं. पण त्यांची हद्द ठरलेली असते. एक आडनाव, एक गोत्र, बहुधा पोटजातही एकच. आणि त्या हद्दीच्या आतसुद्धा सगळे नसतात. माझ्याकडच्या अकरापैकी सात ग्रंथांत मुलींची नोंद ‘कन्या दोन’, ‘कन्या एक’ अशी होती. सुनेचं माहेर आहे, मुलीचं नाव नाही. म्हणजे तीच बाई एका ग्रंथात कुणाची तरी सून म्हणून नावानिशी येते आणि दुसऱ्यात कुणाची तरी कन्या म्हणून आकडा होते.

परदेशात घराण्याचा शोध हा निवृत्तीनंतरचा छंद असतो, असं आपण ऐकतो. आपल्याकडे तो छंद नाही. तो तहसील कचेरीबाहेरच्या झाडाखाली होतो आणि त्याला शेवटची तारीख असते. मुलाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश अडलेला असतो, जात पडताळणी समितीनं त्रुटी काढलेली असते आणि बाप पणजोबाच्या नावाचा कागद शोधत हिंडत असतो. अनुसूचित जातीचा दाखला हवा तर 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा, अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967. या तारखा पाठ असलेली माणसं मी पाहिली आहेत. स्वतःच्या आजीची जन्मतारीख त्यांना ठाऊक नव्हती. असणार कशी? शाळेत घातलेल्या पिढीची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून लावून दिली, आणि आजी शाळेतच गेली नाही.

मग मोडी वाचणारा शोधायचा. मोडीत शिरोरेघ आधी ओढतात आणि अक्षरं खाली एका ओघात, शक्यतो लेखणी न उचलता लिहीत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. त्यात आडनाव बहुतेकदा नसतंच. ‘रामा बिन धोंडी’ म्हणजे धोंडीचा मुलगा रामा. खानदेश-वऱ्हाडाकडे ‘बिन’च्या जागी ‘वलद’. बाई असेल तर ‘रखमी कोम तुका’, म्हणजे तुक्याची बायको, किंवा ‘जवजे’ अमुक. साल शक असेल, फसली म्हणजे महसुली असेल. मराठवाड्यातला फसली असला तर त्यात 590 मिळवून इसवी सन काढायचं. इतकं सगळं ठाऊक असलेला माणूस तालुक्यात एखादाच, आणि अडलेल्याकडून पानामागे किती घ्यायचे ते तोच ठरवतो. त्यालाही दोष देत नाही मी. त्याची विद्या शाळेतून गेली तेव्हा कुणी हळहळलं नाही, आता गरज पडली तेव्हा तो भाव लावणारच.

या गरजेचा सगळ्यात मोठा देखावा महाराष्ट्रानं 2023 च्या सप्टेंबरपासून पाहिला. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतले दप्तरखाने उपसले गेले. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं, कारागृहांच्या नोंदवह्या, जुनी खरेदीखतं. 54 लाखांच्या वर नोंदी सापडल्याचं सरकारनं सांगितलं. आरक्षणाच्या वादात मला इथं शिरायचं नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला दिसतो तो त्या कागदांचा घोटाळा. शोध एका जातीचा होता. म्हणजे कारकुनानं पान उलगडलं, ‘कु’ दिसलं की खूण केली आणि पुढचं पान घेतलं. त्याच पानावर खाली माळ्याच्या घरी झालेला मुलगा होता, तेल्याच्या घरची मयत होती, महारवाड्यातली बाळंतीण होती. पान हातात होतं, दिवा लावलेला होता, वाचणारा पगारावर होता. पण त्या ओळी वाचून ठेवायचा हुकूम नव्हता. उद्या दुसऱ्या कुणाला गरज पडली की तेच रुमाल, म्हणजे कागदांची कापडी गाठोडी, पुन्हा सोडायचे, आणि दर वेळी रुमाल सोडला की कागदाचा थोडा भुगा टेबलावर उरतोच.

नंतर गाववार पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली, हे चांगलंच झालं. पण मोडीचं छायाचित्र हा अजून कागदच असतो, फक्त पडद्यावरचा. त्यात नाव शोधता येत नाही. नाव शोधता यायला कुणीतरी बसून ते बाळबोधीत उतरवावं लागतं, सूची करावी लागते. हे काम दिसत नाही, त्यात फीत कापायला काही नसतं, म्हणून ते होत नाही.

इंग्लंडमध्ये 1837 पासूनच्या जन्म, लग्न आणि मृत्यूंची सरकारी सूची होती, पण ती बघायला कचेरीत जाऊन जाडजूड बाडं उचलावी लागत. 1998 मध्ये काही जणांनी ‘फ्री बीएमडी’ नावाचा उद्योग सुरू केला. घरोघरी बसलेल्या स्वयंसेवकांनी त्या सूचीतली ओळ अन् ओळ संगणकात टंकली आणि सगळ्यांना फुकट खुली केली. कुणी आपल्या घराण्याचा ग्रंथ काढला नाही. अनोळखी लोकांच्या आज्या-पणज्यांची नावं टंकत बसले.

अमेरिकेतलं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. तिथल्या काळ्या माणसाला आपलं घराणं शोधताना 1870 च्या मागे सहसा जाता येत नाही, कारण 1850 आणि 1860 च्या गणतीत गुलामांची नावंच लिहिली नव्हती. मालकाचं नाव, आणि खाली पुरुष, वय तीस. स्त्री, वय बावीस. (आपल्या ‘कन्या दोन’ची आठवण मला तिथंच झाली.) यादवी युद्धानंतर सरकारनं सुटलेल्या गुलामांसाठी जो विभाग काढला, त्याच्या कागदांत ही माणसं पहिल्यांदा नावानं भेटतात. 2015-16 मध्ये सुमारे 25 हजार स्वयंसेवकांनी ते कागद वाचून जवळपास 18 लाख नावांची सूची केली. ज्या घरांत कागद नव्हता त्यांच्यासाठी केलेलं हे काम आहे. दखल घ्यायची तर अशा कामाची, असं मी म्हणतो ते याच कारणानं.

तिकडं मॉरिशसमध्ये मोका गावी महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचं, दप्तर आहे. 1834 पासून साडेचार लाखांवर माणसं हिंदुस्थानातून तिथं नेली गेली; त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी कुटुंबंही होती. बोटीचं नाव, गाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण असं सगळं त्या नोंदीत असे. उसाच्या मळ्यावर बापाचं नाव हेच आडनाव होऊन बसलं, त्यामुळे आजच्या नावावरून रत्नागिरीतलं घर सापडत नाही. त्या नोंदीवरून सापडू शकतं. तिथला माणूस संस्थेत जातो, नाव सांगतो, उतारा घेतो. परदेशस्थ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड काढायलाही अशी नोंद लागते. पण मॉरिशसच्या बाजूनं गावापर्यंत आलेला माणूस इथं कोकणात उतरला की पुढं काय? त्याला तलाठ्याकडे पाठवतात.

गोव्यातही हेच, फक्त कागद पोर्तुगीजमध्ये. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांचा 1961 पूर्वीचा जन्माचा उतारा हवा असतो, आणि नावाच्या एका अक्षरावरून गाडी अडते.

आता आपल्याकडचे खरे वंशावळकार बघा. कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांत सुगीनंतर हेळवी येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता टेम्पोनं येतो. ओसरीवर घोंगडी टाकून बसतो, वही उघडतो आणि घरच्या सात-आठ पिढ्या तालात म्हणून दाखवतो. कुठल्या गावाहून उठून आलात, कुठला भाऊ कुठं गेला, सगळं. मग नवीन जन्मलेल्यांची नावं विचारून घेतो, पायलीभर जोंधळे घेतो आणि पुढच्या घरी जातो. माझ्या मामाच्या घरी आलेल्या हेळव्यानं आजोबांच्या एका भावाचं नाव घेतलं, जे घरात कुणी घेत नसे. सगळे गप्प झाले. मामी म्हणाली, ‘चहा टाकते.’ त्या भावानं काय केलं होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण तो होता एवढं त्या वहीमुळे कळलं. या माणसाला कधी कुठल्या व्यासपीठावर बोलावलेलं पाहिलंत? त्याच्या वह्या पावसात भिजल्या, मुलगा पुण्याला रखवालदारीला लागला, की त्या भागातली शेकडो घरं एका फटक्यात आपले पूर्वज विसरणार आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळींच्या वह्यांचं मायक्रोफिल्मिंग अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या संस्थेनं करून ठेवलं, तेही तिच्या पंथाच्या धार्मिक कारणासाठी, पूर्वजांचा उद्धार व्हावा म्हणून. आपल्या वह्या जपायला आपल्याला असं एकही कारण सापडू नये, याची मला लाज वाटते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. घराण्याचा शोध म्हणजे शेवटी जातीचाच शोध. सरकारनं त्याला शाबासकी द्यायची म्हणजे जात घट्ट करायची. माझा एक मित्र म्हणतो, ‘आम्ही आडनाव टाकून द्यायला निघालो होतो आणि तुम्ही पणजोबाचं काढताय.’ त्याला उत्तर देताना मी जरा अडखळतो. कारण कुलवृत्तांताच्या बाबतीत त्याचं म्हणणं खरंच आहे, शुद्ध रक्ताचा अभिमान त्या सोनेरी अक्षरांत असतो. पण गावची वही वेगळी. त्यात एकाच पानावर पाटील आणि मांग लागोपाठच्या ओळींत असतात, ज्या क्रमानं जन्मले त्या क्रमानं. शिवाय शोध थांबवायचा सल्ला नेहमी ज्याचा कागद पेटीत सुरक्षित आहे तोच देतो. महार कुटुंबाला आपला पूर्वज सापडतो तो भीमा कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’नं संपणाऱ्या नावांत किंवा वतनाच्या कागदात. एरवी त्याची नोंद ठेवायची कुणाला गरजच वाटली नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो: उघड करण्यात जखमाही उघड होतात. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींचा जुना पुरावा पुष्कळदा पोलिसांच्या रजिस्टरात असतो. 1871 मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवलं, रोज हजेरी घेतली. 1952 मध्ये तो कायदा गेला, पण नातवाला दाखला हवा असला तर आजोबाला गुन्हेगार म्हणणारा तोच कागद कामाला येतो. तो कागद जगाला खुला करायचा का? माझ्या मते नाही. त्या कुटुंबाला खुला करायचा, मागेल तेव्हा, हेलपाटे न घालता. सगळं जालावर चढवलं म्हणजे काम झालं असं समजणाऱ्या प्रकल्पाला मी गुण कापीन. कोणाला काय दाखवायचं आणि काय नाही, याचा विचार केलेला दिसला तर गुण देईन.

आणखी कशाला गुण देईन? चुका कबूल करण्याला. त्या शिक्षकाच्या वहीत ठिकठिकाणी पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं होती: ‘गंगू की रंगू?’, ‘येथे वाळवी’. सोनेरी ग्रंथांत एकही प्रश्नचिन्ह नव्हतं; एकात तर मूळ पुरुष थेट एका ऋषींना जोडला होता, मधल्या दोन हजार वर्षांची शंका न घेता.

वहीत सगळ्यात जास्त वेळ मी थांबलो ते 1918 वर. एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू. ऑक्टोबर आला आणि पानंच्या पानं मृत्यूंची. कारणाच्या रकान्यात ताप. ताप. ताप. इन्फ्लुएंझाच्या साथीत देशात कोटीभराहून जास्त माणसं गेली हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण एका गावात एका घरातून चौघं आठवड्यात गेली आणि मग त्या घराची नोंदच पुढं येत नाही, हे वाचायला ती वही लागली. शिक्षकांनी त्या महिन्यापुरती शाई बदलली होती. लाल नाही, हिरवी. का ते मी विचारलं नाही.

समितीच्या बैठकीत मी भांडलो. ग्रंथाची व्याख्या बदला म्हणालो. अध्यक्ष समंजस होते. पहिला पुरस्कार ठरल्याप्रमाणे सर्वांत जाड ग्रंथाला गेला आणि वहीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. सत्कार झाला, शाल, नारळ, काचेचं स्मृतिचिन्ह. गुरुजी एसटीनं आले होते, परतीची गाडी चुकू नये म्हणून जेवणाआधीच निघाले.

सन्मान म्हणजे हे असं असेल तर तो कुणाला द्यायचा यावर भांडण्यात फारसा अर्थ नाही. अशा कामाला लागतं ते वेगळंच. दप्तरखान्यात बसायची लेखी परवानगी. सूची तपासायला दुसरा मोडी वाचक आणि त्याचं मानधन. तयार झालेली सूची ठेवायला जागा, जी संस्थेचा कार्यवाह बदलला तरी बंद पडणार नाही. विद्यापीठात इतिहासाचं एम.ए. करणारा मुलगा एका गावची वही उतरवत असेल तर तो प्रबंध मानला जाणं. आणि हेळव्याची वही स्कॅन केली तर मूळ वही त्याच्याकडेच राहणं आणि त्याला त्याचे पैसे मिळणं. नाहीतर आपण फक्त त्याचा धंदा बुडवला असं होईल.

मागच्या जूनमध्ये गुरुजींचा फोन आला. शेजारच्या गावचं कोतवाल बुक ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत एका लोखंडी कपाटात आहे, पत्रा गळतो, त्यांनी स्वतः पाहिलंय. उतरवून घ्यायला ते तयार आहेत, रोज सायकलनं जातील. फक्त तिथले लोक म्हणतात, वरून पत्र आणा. ‘तुमच्या त्या पुरस्काराचा काही उपयोग होतो का बघा,’ म्हणाले. मी तीन कचेऱ्यांत विचारलं. पहिलीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं तिसरीकडे, तिसरीत साहेब दौऱ्यावर होते. मी गुरुजींना तसं कळवलं. ते म्हणाले, ‘बरं. मी तोवर कपाटावर ताडपत्री टाकून येतो, ती काही कुणाला विचारून टाकायची नाही.’